तारेत न आलेले एकशेवीस फूट

17 डिसेंबर 1903 च्या दुपारी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरून, किटी हॉकच्या हवामान केंद्रातून, एक तार निघाली. पत्ता ओहायोमधल्या डेटनचा, घेणारे बिशप मिल्टन राइट. विल्बर आणि ऑर्व्हिल या मुलांनी वडिलांना कळवलं होतं ते थोडक्यात असं: गुरुवारी सकाळी चार उड्डाणं यशस्वी, चारही ताशी एकवीस मैलांच्या वाऱ्याविरुद्ध, सुरुवात सपाटीवरून आणि फक्त इंजिनाच्या जोरावर, हवेतून सरासरी वेग एकतीस मैल, सगळ्यांत लांबलेलं 57 सेकंद, वर्तमानपत्रांना कळवा, नाताळला घरी येतो. वाटेत कुठेतरी 59 चे 57 झाले आणि खाली सही करणाऱ्या ऑर्व्हिलच्या नावाचंही स्पेलिंग बिघडलं. तारेचं ते जुनंच दुखणं.

माझं लक्ष दर वेळी दुसऱ्याच गोष्टीकडे जातं. या तारेत अंतर नाही. वारा आहे, हवेतला वेग आहे, वेळ आहे. जे 120 फूट आपण शाळेपासून पाठ करत आलो, त्यांचा उल्लेखच नाही. पहिलं उड्डाण जम्बो जेटच्या दोन पंखांच्या पसाऱ्यातही मावलं असतं, असा एक विनोद विमानवेड्या मंडळींत फिरत असतो. हिशोब बरोबर आहे, पट्टी चुकीची आहे. राइट बंधूंनी ती पट्टी वापरलीच नव्हती. इतका हलका सांगाडा इतक्या जोरदार समोरच्या वाऱ्यात, माणूस बाजूने पळू शकेल इतक्या हळू का चालवला, त्या वाऱ्याने काय दिलं आणि काय हिरावलं, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

आधी दोन वेगांची फोड करू, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. विमानाला जमीन कळत नाही. पंखावरून हवा किती वेगाने जाते एवढंच त्याला कळतं. हा एअरस्पीड, हवेतला वेग. त्यातून समोरच्या वाऱ्याचा वेग वजा केला की उरतो तो ग्राउंडस्पीड, म्हणजे खाली उभ्या माणसाला दिसणारा वेग. उलट्या पाण्यात होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: घाम पाण्याच्या हिशोबाने गळतो, काठावरचं झाड मात्र जागचं हलत नाही. आपल्याकडे हे पाहायचं असेल तर लोणावळ्याजवळ कामशेतला जावं. दुपारनंतर वारा वाढला की डोंगराच्या धारेसमोर पॅराग्लायडर हवेत खिळा ठोकल्यासारखे उभे दिसतात. पंख ताशी पस्तीस-छत्तीस किलोमीटरने हवा कापत असतो, वारा तेवढाच समोरून येत असतो, बेरीज-वजाबाकी शून्य. बघणाऱ्याला वाटतं, माणूस निवांत लटकलाय. त्याच्या गालाला विचारा.

जागेची निवडच वाऱ्यावरून झाली होती. विल्बरने हवामान खात्याच्या छापील नोंदींतून वारेवाली ठिकाणं हेरली आणि 1900 मध्ये किटी हॉकच्या केंद्राला पत्र टाकलं. उत्तर आलं की किनारा रुंद आहे, झाडं नाहीत, वारा भरपूर. सायकलींचं दुकान चालवणारे हे दोघे भाऊ तिथे जायचे ते मुळात ग्लायडर पतंगासारखा वाऱ्यावर धरून त्याचं वागणं पाहायला. 1902 च्या ग्लायडरवर त्यांनी हजाराच्या आसपास उड्डाणं केली, काही ताशी छत्तीस मैलांच्या वाऱ्यात. 1903 च्या शरद ऋतूत, इंजिनवालं यंत्र जुळवण्याचं काम चालू असताना, तोच ग्लायडर घेऊन ते टेकडीसमोर मिनिटभराहून जास्त वेळ हवेत राहिले, कधी कधी तर एकाच जागी, उंची न गमावता. म्हणजे जोराच्या वाऱ्यात जवळजवळ जागच्या जागी उडणं हा त्यांचा सराव होता. 17 तारखेचं धाडस हवेतून पडलेलं नव्हतं.

खरी गंमत तीन दिवस आधीच्या प्रयत्नात आहे. 14 डिसेंबरला वारा अगदीच मंद, ताशी चार ते आठ मैल. एवढ्यावर सपाटीवरून यंत्र उठणार नाही, म्हणून यंत्र ज्यावरून धावत सुटायचं तो रूळ त्यांनी किल डेव्हिल टेकडीच्या उतारावर मांडला. नाणं उडवलं, विल्बर जिंकला. यंत्र उतारावरून सुटलं, त्याने नाक जरा जास्तच वर घेतलं, वेग मेला आणि यंत्र वाळूत आपटलं. साडेतीन सेकंद, 105 फूट. भावांनी हे उड्डाण म्हणून मोजलं नाही.

आता हे 105 फूट आणि गुरुवारचे 120 फूट शेजारी ठेवा. जमिनीवरच्या पट्टीने पंधरा फुटांचा फरक. पण पहिल्याला लागले साडेतीन सेकंद आणि दुसऱ्याला बारा. एक होती उतारावरची उडी, दुसरं उड्डाण. अंतरावरून हा भेद कळणारच नाही, घड्याळावरून लगेच कळतो.

गुरुवारी सकाळी तळाभोवतीची डबकी गोठलेली होती. वारा उत्तरेचा आणि बोचरा. कार्बाइडच्या मोठ्या डब्याची शेगडी करून दोघे आत शेकत बसले, वारा पडेल म्हणून वाट पाहिली. दहा वाजले तरी पडेना. मग त्यांनी ठरवलं की याच वाऱ्यात काढायचं. यंत्र वाऱ्याला तोंड देऊन ठेवलं तर टेकडीवर ओढत न्यायची गरज नाही, तळाशेजारच्या सपाटीवरूनच सुटेल. इतक्या वाऱ्यात नवीन यंत्र सांभाळणं अवघड, हे त्यांना माहीत होतं. पण उतरताना जमिनीवरचा वेग कमी असेल आणि त्याने धोका काही अंशी भरून निघेल, असा त्यांचा सौदा होता. हे कारण ऑर्व्हिलने पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्याच लेखात दहा वर्षांनंतरच्या शहाणपणातून आपल्या त्या दिवशीच्या धिटाईबद्दल आश्चर्यही व्यक्त केलं आहे.

त्यांच्या हातातल्या वारामापकाने पहिल्या उड्डाणाआधी ताशी 24 ते 27 मैल दाखवले. म्हणजे 38 ते 43 किलोमीटर. झेंडा वर चढला. ती जवळच्या जीवरक्षक ठाण्याला दिलेली खूण होती. जॉन डॅनियल्स, विल डो आणि अ‍ॅडम एथरिज आले, सोबत मँटिओचा ब्रिंकली आणि जॉनी मूर नावाचा एक पोरगा. प्रेक्षक एवढेच.

पुढचा हिशोब मी कागदावर करून पाहिला तेव्हा त्या सकाळचं खरं चित्र दिसलं. स्वार धरून यंत्राचं वजन साधारण 338 किलो. उठायला हवेतला वेग हवा ताशी 45 किलोमीटरच्या आसपास. रूळ 60 फुटांचा, म्हणजे सव्वाअठरा मीटर. वारा शून्य धरला तर तेवढ्या अंतरात तो वेग गाठायला गुरुत्वाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त त्वरण लागतं, म्हणजे सुमारे 145 किलोंचा निव्वळ रेटा. दोन्ही पंख्यांची ओढ त्यांनी उभ्या यंत्रावर मोजली होती ती साठ किलोंच्या आसपास. बारा अश्वशक्तीचं इंजिन, आणखी कुठून आणणार? शांत हवेत हे यंत्र त्या रुळावरून कधीच उठलं नसतं.

आता समोरून वारा घ्या. तारेतले एकवीस मैल धरले तरी रुळावर उभं असतानाच पंखांवरून ताशी 34 किलोमीटरने हवा वाहतेय. कमी पडतो तो वेग दहा-अकरा किलोमीटर, म्हणजे मजेत धावणाऱ्या माणसाचा. तेवढा वेग 40 फुटांत गाठायला बारा-तेरा किलोंचा निव्वळ रेटा पुरतो. हवेचा विरोध कापून पंख्यांपाशी साधारण तेवढाच शिल्लक राहत होता. यंत्र 60 फुटांच्या रुळावर 40 फूट धावून उठलं. ढोबळ आकडेमोड आणि वाळूवरची नोंद इतकी जवळ येतात की मलाच शंका आली आणि मी पुन्हा गुणाकार तपासला.

साडेदहा वाजून पाच मिनिटं. पाळी ऑर्व्हिलची. खालच्या पंखावर पालथा पडलेला, कंबर एका लाकडी पाळण्यात, पाळणा डावी-उजवीकडे सरकवला की पंखांची टोकं पिळली जातात. डाव्या हातात पुढच्या एलेव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या आडव्या पात्याचा, दांडा. यंत्राला धरून ठेवणारी तार सोडल्यावर ते रुळावरून इतकं सावकाश निघालं की उजवा पंख धरून सावरणारा विल्बर शेवटपर्यंत सोबत पळत राहिला. जगप्रसिद्ध छायाचित्रात तोच क्षण आहे. यंत्र दोनेक फूट उचललं गेलंय, विल्बरने नुकताच हात सोडलाय, वाळूत पावलांचे ठसे आहेत, पंखाला टेकू द्यायला आणलेलं बाकडं पडलंय. कॅमेरा तिकाटण्यावर ऑर्व्हिलने आधीच रोखून ठेवला होता, रबरी गोळा डॅनियल्सने दाबला. ताशी शंभर किलोमीटरचं काही असतं, तर त्या काळच्या साधनांनी आणि अनोळखी हातांनी हे चित्र असं टिपलं गेलं असतं का, हा मला नेहमी पडणारा प्रश्न. वाऱ्याने इतिहासाला फोटोसाठी थांबवून धरलं, असं म्हणायला हरकत नाही.

उड्डाण मात्र देखणं नव्हतं. एलेव्हेटर मध्याच्या फार जवळ तोललेला होता, हात लावला की स्वतःच पुढे वळायचा. यंत्र एकदम दहाएक फूट वर, मग खाली झेप, पुन्हा वर, पुन्हा खाली आणि जमीन. रुळाच्या टोकापासून शंभर फुटांहून थोडं जास्त, सुटल्या जागेपासून 120. इंजिन बंद करायचा दांडा मोडला, खालची एक पट्टी तडकली. वेळही अगदी नेमकी नाही, घड्याळ तत्काळ थांबवलं गेलं नव्हतं. बारा सेकंद धरले.

ऑर्व्हिलचा स्वतःचा हिशोब असा: वारा सेकंदाला 35 फुटांहून जास्त, त्याविरुद्ध यंत्र जमिनीवरून सेकंदाला 10 फूट, म्हणजे हवेतून 45 फूट. बारा सेकंदांत 540 फूट हवा कापली. यंत्रावरच एक वारामापक, एक घड्याळ आणि इंजिनाचे फेरे मोजणारी चकती बसवलेली होती, म्हणजे किती हवा कापली ते आत मोजलं जात होतं. माझ्या मते याच गोष्टीत या दोन भावांचा वेगळेपणा सगळ्यांत स्वच्छ दिसतो. बाहेरचे लोक वाळूवर पावलं मोजतात, हे आत हवा मोजत होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळण्यासारखा नाही. वाराच एवढा होता तर वाऱ्यानेच उचललं, इंजिनाने काय केलं? अर्धं खरं आहे. रूळ सुटेपर्यंत वाऱ्याने तीन चतुर्थांशाहून जास्त काम केलं, वरचे आकडे तेच सांगतात. पण ही सवलत यंत्र जमिनीला धरून असेपर्यंतच. एकदा जमीन सुटली की एकसारखा, आडवा वाहणारा वारा विमानाला काहीच देत नाही. ते त्या हवेत असतं, होडी जशी पाण्यात. इंजिन बंद असतं तर यंत्र खाली येत गेलं असतं आणि वाऱ्याने मागे रेटलं जाऊ लागलं असतं. तसं झालं नाही. उतरलं ती जागा निघाल्या जागेइतकीच उंच होती आणि वाटेत वेग घटला नव्हता. घारीचं उदाहरण इथे चालत नाही. घार कड्यासमोर तरंगते, कारण कड्याला आपटून वारा वर चढतो. सपाट वाळूवर वर चढणारा वारा नसतो. म्हणूनच तारेत ‘सपाटीवरून’ हा शब्द आहे आणि म्हणूनच ‘फक्त इंजिनाच्या जोरावर’ हेही आहे. तारेत शब्दागणिक पैसे पडतात. फुकटचा शब्द कोणी घालत नाही.

दुसरं उड्डाण विल्बरचं, 175 फूट. तिसरं ऑर्व्हिलचं, दोनशेच्या वर, पंधरा सेकंद, आणि त्यात त्याची चांगलीच तंतरली. उजवीकडून अचानक झोत आला, यंत्र बारा-पंधरा फूट उचललं गेलं, आडवं झालं आणि डावीकडे घसरू लागलं. त्याने पंख पिळले आणि नाक खाली केलं. पिळणं अपेक्षेपेक्षा जास्त लागू पडलं आणि जमिनीला टेकताना उजवाच पंख खाली गेला.

ही संथ उडण्याची दुसरी बाजू. हवेतला वेग जेमतेम ताशी 50 किलोमीटर असताना वारा क्षणात दहाने पडला तर पाचवा हिस्सा गेला. अडीचशेच्या वेगाने उतरणाऱ्या आजच्या प्रवासी विमानाला तोच झोत पंचविसावा हिस्सा. प्रवाशाला जराशी उचकी लागल्यासारखं वाटेल, इतकंच. त्यात वारा जमिनीलगत मंद आणि वर जोरात असतो. म्हणजे खाली येता येता, ऐन उतरण्याच्या क्षणी, पंखांखालचा आधार आपोआप कमी होतो. जोराच्या वाऱ्यात हलकं विमान उतरवणारे आजही थोडा जादा वेग राखून येतात, त्याचं कारण हेच.

मग भावांचा सौदा फायद्याचा होता का? होता, एका अटीवर: तोंड वाऱ्याकडेच हवं. ताशी 16 किलोमीटरने टेकणं आणि शांत हवेत 50 ने टेकणं यांत आघाताची ऊर्जा सुमारे दहापट वेगळी. पण तेच यंत्र वळून पाठीवर वारा घेतं, तर जमिनीवरचा वेग 84 झाला असता आणि आघात सत्तावीसपट. त्या दिवशी कोणीही वळण्याचा प्रयत्न केला नाही. समोर सरळ, जमेल तितकं.

बारा वाजता चौथं. विल्बर. वारा थोडा उतरलेला. पहिले तीनशे फूट तेच हेलकावे, मग हात बसला आणि पुढचे काही शे फूट यंत्र बऱ्यापैकी सरळ गेलं. आठशेच्या पुढे पुन्हा डोलायला लागलं आणि एका झेपेत खाली. 852 फूट, 59 सेकंद. जमिनीवर ताशी सोळा किलोमीटरही भरत नाहीत, सायकल याहून जोरात जाते. हवेतून मात्र जवळपास अर्धा मैल.

यंत्र उचलून तळापाशी आणलं, ठेवलं, सगळे गप्पा मारत उभे राहिले. इंजिन बंद, स्वार खाली. तेवढ्यात एक जोराचा झोत आला आणि यंत्र उलटू लागलं. विल्बर पुढून धावला, ऑर्व्हिल आणि डॅनियल्स मागच्या खांबांना लटकले. डॅनियल्सने हात सोडला नाही. तो तारा, साखळ्या आणि इंजिनासकट कोलांट्या खात गेला. खरचटलं, ठेचकाळलं, पण वाचला. यंत्राच्या फासळ्या मोडल्या, साखळ्यांचे मार्ग वाकले. ते पुन्हा कधी उडालं नाही.

मला हा अपघात पाचवं उड्डाण वाटतो, बिनचालकाचं. जमिनीवर उभं असलेलं हलकं विमान वाऱ्यात निम्मं उडतच असतं, कारण पंखाला तर हवाच कळते. पायपर कबसारखं जुनं दोन आसनी विमान ताशी साठेक किलोमीटरपर्यंत हवेत टिकतं. तेवढा वारा सुटला तर उभ्या कबला उडायला चालक लागत नाही. विमानतळावर छोटी विमानं दोरखंडांनी बांधून ठेवलेली दिसतात ती याचसाठी.

वारा नसला की काय होतं, हे पुढच्याच वर्षी दिसलं. 1904 मध्ये भावांनी डेटनजवळच्या हफमन यांच्या कुरणात काम सुरू केलं. घर जवळ, वाळू नाही, डास कमी, पण वाराही नाही. रूळ लांबवून पाहिला. लांब रूळ मांडेपर्यंत असेल तो वारा दिशा बदलायचा. उन्हाळाभर अडखळत गेले. शेवटी सप्टेंबरमध्ये त्यांनी एक उंच लाकडी घोडी उभारली, वर जड वजन टांगलं, दोर कप्प्यांवरून यंत्राला जोडला. वजन पडलं की यंत्र रुळावर भिरकावलं जाई. किटी हॉकच्या वाऱ्याने फुकट दिलेला रेटा आता असा जमवावा लागला. तो जमताच त्याच महिन्याच्या 20 तारखेला विल्बरने पूर्ण गोल घातला, वाऱ्याकडे पाठ करून आणि परत तोंड फिरवून.

1911 च्या ऑक्टोबरमध्ये ऑर्व्हिल पुन्हा किल डेव्हिल टेकडीवर आला, या वेळी बिनइंजिनाचा ग्लायडर घेऊन. 24 तारखेला जोराच्या वाऱ्यात, उतारावरून वर चढणाऱ्या हवेत, तो 9 मिनिटं 45 सेकंद जवळजवळ त्याच जागेवर राहिला. हा विक्रम दहा वर्षं टिकला.

आणि 17 डिसेंबर 2003. शंभर वर्षं झाली म्हणून त्याच वाळूवर हुबेहूब प्रतिकृती आणली होती. कापड, लाकूड, इंजिन, सगळं मूळ बरहुकूम, आणि आधीच्या सरावात, वारा होता तेव्हा, ती उडालीही होती. हजारो लोक जमले. पाऊस पडत होता आणि वारा मंद होता. वाट पाहून शेवटी यंत्र सोडलं. ते रुळावरून पुढे गेलं, टोकाशी नाक जरा उचललं गेलं आणि चिखलात बसलं.